‘मोबाईल घेतला’ : एका कर्णबधिर तरुणाच्या पोलीस चौकशीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचे आहे. तरुण, त्याची आई आणि संबंधित पोलीस कर्मचारी यांच्या संमतीने ते लिहिले असून नावे, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत विशेष शिक्षक आहे आणि त्या रात्री दुभाषक म्हणून पोलीस ठाण्यात हजर होतो. त्यामुळे मी या घटनेचा त्रयस्थ निरीक्षक नाही. माझ्या हातूनही त्या रात्री एक चूक झाली. ती पुढे नोंदवली आहे.

पार्श्वभूमी

तरुण त्या वेळी २४ वर्षांचा होता. जन्मापासून त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. लहानपणी मिळालेले श्रवणयंत्र त्याने दहावीनंतर वापरणे सोडले, कारण त्यातून त्याला शब्द उमगत नसत, नुसता गोंगाट जाणवत असे. शाळा संपल्यावर तो तालुक्याच्या गावातील एका छापखान्यात बांधणीच्या कामाला लागला. पानांच्या घड्या घालणे, फर्मे म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे संच क्रमाने जुळवणे, शिलाई आणि कटिंग ही कामे तो करतो. फर्म्यांचा क्रम त्याच्याकडून आजवर चुकलेला नाही, असे त्याचे मालक सांगतात. घर नऊ किलोमीटरवरच्या खेड्यात आहे, घरी फक्त आई असते, आणि तो रोज संध्याकाळच्या एसटीने परततो.

त्याच्या भाषेविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. मित्रांशी तो भारतीय सांकेतिक भाषेत बोलतो. ही भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे, प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि भुवया, डोळे, खांदे हेसुद्धा त्या व्याकरणाचे भाग असतात. या भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ मध्ये तिच्या शब्दकोशाने दहा हजार नोंदींचा टप्पा गाठला. आईशी मात्र तो घरगुती खुणांनी बोलतो. जेवण, पैसे, बस, पाहुणे, आजारपण एवढ्यापुरत्या त्या पुरतात. ‘कोणी सांगितले’, ‘आधी काय झाले’, ‘असे झाले असते तर’ यांसाठी पुरत नाहीत. लिखित मराठी ही त्याची शाळेत शिकलेली, कधीही कानावर न पडलेली भाषा आहे. तो ती लिहितो, पण विभक्तिप्रत्यय आणि काळ निसटतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या असंख्य माणसांच्या लेखनात हे दिसते आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नसतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक अपंगत्वाची नोंद झालेल्या व्यक्ती देशभरात ५० लाखांहून अधिक होत्या. त्यामुळे असा माणूस पोलीस ठाण्यात कधी येणारच नाही, असे कोणत्याही ठाण्याला धरून चालता येणार नाही.

घटना

गौरी-गणपती विसर्जनाचा दिवस होता. पोलीस सकाळपासून बंदोबस्तावर होते. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास बसस्थानकाच्या फलाटावर एका महिलेच्या हातातला मोबाईल हिसकावून एक मुलगा गर्दीत शिरला. महिलेने आरडाओरडा केला तशा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. फाटकाजवळच्या पोलीस शिपायाला त्या गर्दीत एकच माणूस असा दिसला, की जो मागे वळून न पाहता पार्सल ऑफिसच्या दिशेने झपझप चालला होता. शिपायाने ‘ए, थांब!’ अशी तीनदा हाक मारली. माणूस थांबला नाही. शिपायाने धावत जाऊन मागून त्याची कॉलर पकडली.

मागून अचानक पकडल्यावर तरुण दचकला आणि त्याने हिसडा दिला. शिपायाने तो प्रतिकार समजला. तरुणाचे कोपर खांबाला आपटले, दोन प्रवासी मदतीला धावले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. तो ओरडू लागला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्यावर त्याचे नियंत्रण नसते. बघ्यांपैकी कोणीतरी ‘प्यालाय’ म्हणाले. एक हात सोडवून तो शर्टाच्या खिशाकडे नेऊ लागला, तेव्हा तो हात पिरगळला गेला. खिशात त्याचे दिव्यांग ओळखपत्र होते.

हात धरलेला ऐकणारा माणूस ‘मी काही केले नाही’ असे म्हणू शकतो. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्याचे दोन्ही हात धरणे म्हणजे त्याच्या तोंडावर हात दाबणे होय. बसस्थानकापासून ठाण्यापर्यंतची वीस मिनिटे त्याला एक शब्दही बोलता आला नाही.

ठाण्यात काय घडले

ठाण्यात झडती घेतल्यावर ओळखपत्र सापडले आणि त्याला ऐकू येत नाही, हे सर्वांना कळले. हा पहिला निर्णयाचा क्षण होता. इथे संशयाचा मूळ आधार, म्हणजे हाक मारूनही थांबला नाही हा, तिथल्या तिथे गळून पडायला हवा होता. तसे झाले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे यात दुष्टपणा नव्हता. एकदा माणूस संशयित म्हणून आणला, की नवी माहिती त्या संशयातच बसवली जाते. ‘ऐकू येत नसेल, पण चोरी करायला कान कशाला लागतात,’ असे एकाने म्हटल्याचे मला नंतर कळले.

त्याच्याजवळ एक मोबाईल होता. फिर्यादी महिलेने तो आपला नसल्याचे सांगितले, पण तरुणाला समोर उभे केल्यावर ‘शर्ट असाच होता’ असे ती म्हणाली. एकट्या माणसाला समोर उभे करून ‘हाच का?’ असे विचारण्यातला धोका तपासाचे काम करणाऱ्यांना ठाऊक असतो. तरीही त्या विधानावरून तर्क असा निघाला, की महिलेचा फोन साथीदाराकडे गेला आणि याच्याजवळचा फोन आधीच्या चोरीतला आहे.

मग शिपायाने कागदावर प्रश्न लिहिला : ‘तू मोबाईल घेतला का?’ तरुणाचा स्वतःचा मोबाईल त्या वेळी समोर टेबलावर ठेवलेला होता. त्याने खाली लिहिले : ‘हो. मोबाईल घेतला. दिवाळी.’

मराठीत आपण मोबाईल ‘घेतो’, साडी ‘घेतो’, जमीन ‘घेतो’. आदल्या दिवाळीच्या बोनसमधून त्याने तो फोन विकत घेतला होता आणि समोरच्या फोनविषयी विचारलेल्या प्रश्नाचे त्याने खरे उत्तर दिले होते. वाचणाऱ्याने ‘घेतला’ हा शब्द कबुली म्हणून वाचला आणि ‘दिवाळी’ हा शब्द सोडून दिला. त्यानंतर प्रश्न तोंडी, मोठ्या आवाजात आणि खुणांनी विचारले गेले आणि प्रत्येक प्रश्नाला तो होकारार्थी मान हलवत राहिला. शेवटी चार ओळींचा जबाब लिहून झाला : बसस्थानकावर मोबाईल घेऊन साथीदाराकडे दिला, वगैरे. बोट जिथे ठेवले तिथे त्याने सही केली. छापखान्यात मस्टरवर आणि चलनावर तो रोज तशीच सही करतो.

समोरचे पर्याय

रात्री साडेआठच्या सुमारास ठाणे अंमलदार म्हणून कामावर असलेल्या महिला हवालदारांनी दोन्ही कागद हातात घेतले. ‘दिवाळी’ या शब्दावर त्या थांबल्या. संध्याकाळी पावणेसातला झालेल्या चोरीत दिवाळी कुठून आली, असे त्यांनी शिपायाला विचारले. त्याला उत्तर देता आले नाही. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो कोणत्याही परिपत्रकातून आलेला नव्हता. न जुळणारा एक शब्द एका कर्मचाऱ्याने नजरेआड होऊ दिला नाही, एवढेच घडले.

त्यांच्यासमोर कोणते पर्याय होते, याची आम्ही नंतर एकत्र बसून उजळणी केली. जबाब आहे तसा धरून अटकेची कारवाई पुढे नेणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे हवालदारांना माहीत होते. पण न्यायालयात टिकणार नसलेला कागदसुद्धा त्या रात्रीपुरती तपासाची दिशा ठरवतो आणि खऱ्या चोराला निसटायला वेळ देतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, हिच्या कलम ४७ प्रमाणे अटकेची कारणे व्यक्तीला कळवावी लागतात. ज्याला ती कळवण्याचे साधनच ठाण्यात नाही, त्याला ती ‘कळवली’ असे दैनंदिनीत कसे लिहायचे, हा त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा पर्याय आईला बोलावून तिच्यामार्फत विचारण्याचा होता. आईला कळवणे आवश्यकच होते, पण दुभाषक म्हणून ती योग्य नव्हती. घरच्या खुणांत घटनाक्रम मावत नाही. घाबरलेली आई मुलाच्या वतीने स्वतःच उत्तरे देते आणि मुलाला काय म्हणायचे होते ते बाजूला राहते. तिसरा पर्याय त्याला रात्रभर बसवून ठेवून सकाळी दुभाषक शोधण्याचा होता. कागदोपत्री तो सावधपणाचा दिसतो. ज्याला आपण इथे का आहोत हेच कळलेले नाही, त्याच्यासाठी मात्र ती रात्र शिक्षा ठरली असती.

शाळेच्या शिक्षकाला बोलावणे किंवा व्हिडिओ कॉलवर दुभाषक मिळवणे, हे दोन पर्याय उरले. शिक्षकाची अडचण अशी, की तो तरुणाला ओळखतो आणि त्याच्या बाजूने झुकू शकतो. व्हिडिओवरच्या दुभाषकाला अशी ओळख नसते, पण ठाण्यातले नेटवर्क तुटक होते आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या दुभाषकाचा क्रमांक कोणाकडेच नव्हता. हवालदारांनी मला बोलावले आणि चौकशीचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण करण्याचे ठरवले. माझ्या अनुवादात काही वळवले गेले असेल, तर ते नंतर दुसऱ्या दुभाषकाला पडताळून पाहता यावे, हा त्यामागचा विचार होता. आईलाही त्यांनी त्याच वेळी निरोप धाडला.

प्रत्यक्ष कृती

मी सव्वानऊला पोहोचलो. माझी चूक इथे झाली. हवालदारांनी मला प्रकरण सांगायला सुरुवात केली आणि मी उभ्या उभ्या चार-पाच मिनिटे त्यांच्याशी मराठीत बोलत राहिलो. तरुण समोरच्या बाकावर बसून आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. मी त्याला त्यातले काहीच सांगितले नाही. सरसुद्धा पोलिसांच्या बाजूने बोलत आहेत, असा त्याने अर्थ लावला आणि मान खाली घातली. ऐकणाऱ्यांत मान खाली घालणे म्हणजे गप्प राहणे. कर्णबधिर माणसाने मान खाली घातली, की त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद होतो. तो उघडायला पुढचा पाऊण तास गेला. ठाण्यात पाऊल टाकल्यावर पहिली खूण त्याच्याकडे पाहून करायची आणि त्याच्यादेखत झालेला प्रत्येक शब्द त्याला सांगायचा, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. त्या रात्री ते मलाच सुचले नाही.

हवालदारांनी तोवर तीन गोष्टी केल्या. त्याच्या शेजारी मनगट धरून बसलेल्या शिपायाला त्यांनी उठवले. त्याचा मोबाईल मुद्देमालाच्या पाकिटात न घालता त्याच्यासमोर ठेवला. आणि मी सांगितल्यावर खुर्च्या फिरवल्या, कारण ट्यूबलाइट त्यांच्या पाठीमागे होती आणि समोरून त्यांचा चेहरा काळोखात जात होता. ओठांवरून समजून घेण्याची मदत तशीही तुटपुंजीच असते. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखे दिसतात, म्हणून ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ यांत डोळ्यांना फरक करता येत नाही. मिशी दाट असेल किंवा बोलणारा कागदाकडे पाहून बोलत असेल, तर उरलेलेही जाते. ‘जरा मोठ्याने बोला’ असे जो-तो सांगतो. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि चेहरा रागीट दिसतो, एवढाच त्याचा परिणाम होतो.

आई दहाच्या आधी पोहोचली. हवालदारांनी तिला पाणी दिले, मुलाला दिसेल अशा जागी बसवले आणि त्याच्या वतीने उत्तरे देऊ नका, अशी विनंती केली. ‘साहेब, तो कधी कोणाच्या वस्तूला हात लावत नाही,’ एवढे ती दोनदा म्हणाली आणि मग शांत बसून राहिली. तो बोलायला तयार झाला, त्यात आईच्या येण्याचा वाटा माझ्या समजावणीपेक्षा मोठा होता.

चौकशीत ‘हो की नाही’ असा एकही प्रश्न विचारायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. हवालदारांनी माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहून विचारले : ‘आज छापखान्यातून निघाल्यापासून काय काय झाले, ते तू सांग.’ ‘त्याला विचारा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

सांगताना त्याने ठाणे अंमलदाराचे टेबलच वापरले. स्टॅम्प पॅड म्हणजे फलाट, पंचिंग मशीन म्हणजे पार्सल ऑफिस, आडवी ठेवलेली पट्टी म्हणजे मागची कुंपणाची भिंत. स्टॅम्प पॅडजवळून त्याने दोन बोटे पळवत नेली, पंचिंग मशीनला वळसा घातला आणि पट्टीवरून पलीकडे उडी मारली. मग एका पायातली चप्पल निसटून भिंतीच्या अलीकडच्या बाजूलाच पडल्याचे दाखवले. त्याने मोबाईल हिसकावणारा मुलगा पाहिला होता. तो त्याच्याच मागे पार्सल ऑफिसकडे चालला होता, म्हणून तर पाठमोरा होता. पकडल्यानंतर सबंध वेळ तो त्या भिंतीकडे हात करू पाहत होता. पळून जाण्याचा प्रयत्न म्हणून नोंदवली गेलेली धडपड ती हीच.

यानंतर हवालदारांनी पहिला कागद त्याच्यासमोर ठेवून ‘हा प्रश्न तुला काय वाटला?’ असे विचारले. त्याने ‘हा फोन कधी घेतला’ असे सांगून विकत घेण्याची खूण केली. चोरीची खूण वेगळी आहे. ती मी करून दाखवली, तेव्हा तो ताडकन उभा राहिला. आपल्यावर चोरीचा आळ आहे हे त्याला रात्री दहा वाजता, पकडल्यानंतर तीन तासांनी, पहिल्यांदा कळले. मग एवढ्या प्रश्नांना मान का हलवली, या प्रश्नावर तो म्हणाला : ‘साहेब रागावले होते. मान हलवली की माणसे शांत होतात.’

हे उत्तर मी अनेक वर्गांत, अनेक मुलांकडून ऐकले आहे. ऐकणाऱ्यांच्या जगात वावरताना न कळलेल्या बोलण्याला मान हलवून वेळ मारून नेणे, हा कर्णबधिर माणसाच्या लहानपणापासूनच्या सवयीचा भाग असतो. डॉक्टरसमोर, बँकेत, नातेवाइकांत तो हेच करतो. पोलीस ठाण्यात त्याच सवयीची किंमत तुरुंगवास होऊ शकते.

निष्पत्ती

रात्रीच्या गस्तीवरील दोघांना कुंपणाच्या भिंतीजवळ पाठवले, तेव्हा अलीकडच्या बाजूला एका पायाची चप्पल मिळाली. पार्सल ऑफिसबाहेरच्या कॅमेऱ्यात पळणारा मुलगा आणि त्याच्यामागून काही अंतराने चालत येणारा आमचा तरुण, दोघेही दिसले. तरुणाला पावणेबाराला घरी जाऊ दिले. शेवटची एसटी गेली होती, म्हणून ठाण्याच्या गाडीने मायलेकांना गावी सोडले.

हवालदारांनी आधीचा जबाब फाडला नाही. तो, ‘दिवाळी’ हा शब्द असलेला पहिला कागद, नंतरचे चित्रीकरण आणि घडलेला क्रम त्यांनी ठाणे दैनंदिनीत नोंदवला. चुकीचा कागद नाहीसा करणे सर्वांच्या सोयीचे होते. तो ठेवला, म्हणूनच पुढे ठाण्यातल्या लोकांना त्यातून शिकता आले.

दुसऱ्या दिवशी तरुण संशयित उरला नव्हता, साक्षीदार झाला होता. त्याला सकाळी दहाला ठाण्यात हजर राहण्याचा निरोप आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला साक्षीदार म्हणून तिच्या राहत्या जागेशिवाय इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. तिची स्वतःची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. हे लक्षात आणून दिल्यावर उपनिरीक्षकांनी त्याला कुठे बोलायला आवडेल असे विचारले. त्याने छापखाना निवडला. तिथे उजेड चांगला होता आणि तिथली माणसे त्याला ओळखत होती. पुढे त्याची साक्ष झाली, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे ती खुणांनी देता येईल, दुभाषकाची मदत घेतली जाईल, चित्रीकरण होईल आणि ती तोंडी पुरावाच मानली जाईल.

महिलेचा मोबाईल काही आठवड्यांनी सीईआयआर या हरवलेले-चोरलेले मोबाईल शोधण्याच्या सरकारी पोर्टलवरील नोंदीमुळे शेजारच्या जिल्ह्यात वापरात असल्याचे कळले आणि तो तिला परत मिळाला. बचतगटाचे सगळे हिशेब त्यात होते. हिसकावणाऱ्याचा शोध हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

एक गोष्ट त्या रात्री पुन्हा चुकली. तरुणाच्या मनगटावर वळ आणि कोपराला खरचटलेले होते. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली, आणि ‘तुमची काही तक्रार आहे का?’ असे आईला विचारले गेले. ‘नाही साहेब, सोडलंत हेच पुष्कळ,’ असे ती म्हणाली आणि तसे लिहून घेतले गेले. चोवीस वर्षांच्या, कमावत्या माणसाला स्वतःची तक्रार आहे का, हे त्याला कोणी विचारलेच नाही, आणि दुभाषक म्हणून तिथे उभा असलेल्या मीही ते लक्षात आणून दिले नाही. आठवड्याने त्याने मला मेसेज केला : ‘पोलीस मला सॉरी नाही.’

हे कळल्यावर पोलीस निरीक्षकांनी या वेळी त्याला थेट विचारले आणि तक्रार करण्याचा मार्ग व विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारे मोफत साहाय्य यांची माहिती दिली. त्याला लेखी तक्रार नको होती, शिपायाशी बोलायचे होते. भेट ठाण्याच्या आवारातच झाली. शिपायाने माफी मागितली. तो त्या दिवशी पहाटे पाचपासून उभा होता, हेही त्याने सांगितले. तरुणाने एकच प्रश्न विचारला : ‘दोन्ही हात का धरले?’ शिपाई बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हात म्हणजे तुझं बोलणं, हे मला माहीत नव्हतं.’ मी ते खुणांत सांगितले. तरुणाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वेगळे काय करता आले असते

रस्त्यावरचा प्रसंग काही सेकंदांचा असतो आणि तिथे शिपायाकडून फार अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. तरीही हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या माणसाला शक्य तेव्हा समोरून गाठावे आणि हात हलवून त्याचे लक्ष वेधावे, एवढे करता येते. समोरून गेला असता, तर त्या शिपायाला दचकलेला चेहरा दिसला असता आणि कानाकडे बोट नेणारी ती सर्वपरिचित खूणही दिसली असती. पकडणे भागच असेल, तर धोका नाही अशी खात्री पटताच किमान एक हात मोकळा करावा. खिशाकडे हात नेणाऱ्याला रोखणे समजण्यासारखे आहे, पण मग त्या खिशात काय आहे ते पोलिसाने स्वतः लगेच पाहावे. ओळखपत्र ठाण्यात सापडले, ते बसस्थानकावरच सापडू शकले असते.

ठाण्यातल्या चुका मला अधिक गंभीर वाटतात, कारण तिथे वेळ होता. ओळखपत्र दिसल्यापासून दुभाषक येईपर्यंत एकही प्रश्न विचारायला नको होता. लेखी प्रश्न हा सुरक्षित मार्ग आहे, असा समज सर्वत्र आहे. नाव, पत्ता, ‘दुभाषक हवा का’ एवढ्यासाठी तो ठीक आहे; आरोपाच्या चौकशीसाठी तो किती धोक्याचा असू शकतो, हे ‘घेतला’ या एका शब्दाने दाखवले. समजले का, असे विचारून उपयोग होत नाही, कारण उत्तर ठरलेले असते. समजले ते त्यालाच उलट सांगायला लावावे. हे नियम कर्णबधिरांपुरतेच नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाची चाल आणि अडखळते बोलणे दारूच्या नशेत जमा केले जाते. स्वमग्न मुलगा डोळ्याला डोळा देत नाही, म्हणून तो काहीतरी लपवतो आहे असे मानले जाते. दृष्टिहीन व्यक्तीचा दंड न सांगता धरला, तर कोणी धरला हे तिला कळत नाही. पोलिसाने आधी आपले नाव आणि हुद्दा सांगायला हवा.

कायदा याबाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १२ मध्ये न्यायालयांबरोबरच तपासाचे अधिकार असलेल्या यंत्रणांपर्यंतही भेदभावाविना पोहोचण्याचा हक्क सांगितला आहे, आणि कलम ४७ मध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश सक्तीचा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद देणारी महिला दिव्यांग असेल, तर दुभाषक किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत, तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, चित्रीकरणासह फिर्याद नोंदवण्याची तरतूद २०१३ पासून आहे. एका दृष्टिहीन तरुणीवरील अत्याचाराच्या पतन जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोलीस आणि न्यायाधीश या दोघांच्याही प्रशिक्षणावर भर दिला. संशयित म्हणून आणलेल्या कर्णबधिर माणसासाठी मात्र इतकी स्पष्ट, पायरीपायरीने सांगितलेली तरतूद नाही, आणि त्या रात्रीची सगळी पडझड नेमक्या त्याच जागी झाली. माझ्या मते फिर्यादीसाठी असलेले दुभाषक आणि चित्रीकरणाचे बंधन संशयितालाही लागू व्हायला हवे.

या प्रकरणानंतर त्या ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद लागला आहे. त्यावर आमच्या शाळेचे, जिल्ह्यातील दुसऱ्या एका दुभाषकाचे आणि विधी सेवा प्राधिकरणाचे असे तीन क्रमांक आहेत. ‘दिव्यांग व्यक्ती आल्यास आधी फोन, मग प्रश्न’ असे हवालदारांनी त्यावर हाताने लिहिले आहे. निरीक्षकांच्या परवानगीने ठाण्यात एक सत्रही झाले. त्याला आलेल्यांपैकी काहींच्या आता बदल्या झाल्या आहेत. पुढच्या सत्रात बसस्थानकावर समोरून कसे यायचे आणि हात न धरता कसे थांबवायचे, हे दाखवायला तरुण स्वतः येणार आहे. त्याची अट एवढीच, की प्रश्न विचारणाऱ्याने माझ्याकडे पाहायचे नाही, त्याच्याकडे पाहायचे. मी त्याच्या मागे, खिडकीच्या बाजूला बसणार आहे.